कोरड्या मोज्यांचे मोल

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा येतात, तिरंगा येतो आणि छाती काढून उभा असलेला जवान येतो. त्या जवानाचे पाय ओले असतील, हे कोणाच्या ध्यानात येते का?

बिल मॉल्डिन या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या ते ध्यानात आले, कारण दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः सार्जंट होता आणि इटलीत जखमीही झाला होता. विली आणि जो ही त्याची पात्रे दाढी वाढलेली, खांदे पडलेली, चिखलाने माखलेली. एका चित्रात एक शिपाई जीव वाचविणाऱ्या सोबत्याला उपकाराची फेड म्हणून आपला शेवटचा कोरडा मोजे-जोड देतो. दुसऱ्यात विलीला पदक नको आहे, ते आधीच मिळाले आहे. त्याला फक्त ॲस्पिरिनची गोळी हवी आहे. चित्रांखालच्या ओळी मी शब्दकोश घेऊन लावल्या. चेहऱ्यांना त्याची गरज पडली नाही.

जनरल पॅटनला ही चित्रे खपली नाहीत. असल्या गबाळ्या शिपायांमुळे शिस्त बिघडते, म्हणून मार्च १९४५ मध्ये त्याने मॉल्डिनला बोलावून खडसावले. सरसेनापती आयसेनहॉवर मात्र चित्रकाराच्या बाजूने होता. त्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॉल्डिनला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

सेना शिस्तीवर चालते, हे खरेच. पण दमलेल्या माणसाला 'तू दमला आहेस' एवढे कोणी म्हटले, तर त्याचा धीर खचत नाही, वाढतो.

त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो क्रॉस आपल्याला ठाऊक आहे. त्या पलटणीतली चेष्टामस्करी आपल्याला ठाऊक आहे का?

माझे चुलते फौजेतून निवृत्त झाले. लडाखच्या थंडीत त्यांच्या पायाची दोन बोटे गेली. दर २६ जानेवारीला गावच्या शाळेत त्यांना हार घालतात, 'सीमेवरचा वाघ' म्हणतात. वाघ मोजे घालत नाही. म्हणून बोटांविषयी कोणी विचारीत नाही. मोज्यांचे ते चित्र मी त्यांना दाखविले, अर्थ सांगितला. तात्या आधी खळखळून हसले. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ह्यो गडी तिथं व्हता."

जवानाला वाघ केले की आपली जबाबदारी हारापाशी संपते. माणूस म्हटले की ती तिथून सुरू होते. यंदा शाळेत भाषणाची पाळी माझी आहे. मी मोज्यांपासून सुरुवात करणार आहे.

— एस. वाय. बी. ए.