मोजपट्टी आणि मूर्ती

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या काही विद्यार्थ्यांनी मराठी शब्दांचे एक प्रोग्रेसिव्ह मेटल गाणे घरच्या संगणकावर मुद्रित करून मला ऐकवले. गिटार आणि ड्रम दणदणीत होते. शब्द मात्र एकही कळेना. विचारले तर उत्तर आले, "सर, मिक्सिंग करताना एका स्वीडिश बँडचे गाणे रेफरन्स म्हणून ठेवले होते. तिथे आवाज मागेच असतो." प्रस्तुत लेखकाचे भांडण आहे ते या उत्तराशी.

मिक्सिंग म्हणजे सुटे मुद्रित आवाज योग्य पातळीवर, योग्य जागी बसवून त्यांचे एक गाणे करणे. तासनतास तेच ऐकून कान थकतो आणि चुकीलाही सरावतो. म्हणून मधूनमधून एखादे प्रसिद्ध झालेले गाणे ऐकून कान ताळ्यावर आणायचा. रेफरन्स ट्रॅकचे काम एवढेच. ती मोजपट्टी आहे. आपण तिची मूर्ती करतो.

मूर्ती थोरवी पाहून निवडली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. मेटालिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) थोर खरा, पण त्यात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांच्याच 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये (२००८) आवाज इतका चढवला आहे की तो फाटतो. शिवाय मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला भासतो. म्हणून रेफरन्स आधी आपल्या गाण्याच्या पातळीवर उतरवावा लागतो. प्रोग्रेसिव्ह गाणे तर हलक्या स्वरातून गर्जनेपर्यंत जाते. त्याचा संथ भाग संथ भागाशी आणि घणाघाती भाग घणाघाती भागाशीच ताडून पाहायला हवा.

मराठी विभागांत आपण वेगळे काय करतो? एखादी युरोपीय कादंबरी समोर ठेवायची आणि मराठी कादंबरीला उणे गुण द्यायचे. याच शहरातल्या विद्यापीठात इंग्रजी शिकवलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी देशीवाद मांडला, तो या सवयीला उत्तर म्हणूनच. परंतु परदेशी मोजपट्टी फेकूनच द्या, असे कोणी म्हणेल तर तेही मला मान्य नाही. खाली उतरवलेल्या सात तारांच्या गिटारचे वजन कसे पेलावे, हे स्वीडनकडूनच शिकावे लागेल. गोंधळात ते सापडणार नाही.

शब्दांचे मात्र तसे नाही. 'काल' आणि 'काळ', 'बाळ' आणि 'भाळ' यांतला फरक ऐकू आला नाही, तर गाणे मराठीत लिहिलेच कशाला? व्यंजनांची स्पष्टता बव्हंशी २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि विकृत केलेल्या गिटारची धारही नेमकी तिथेच. कोणी किती सरायचे, हा खरा प्रश्न आहे. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या गजरातही निरूपण सुरू झाले की वाद्ये मागे सरतात आणि शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, हे मराठवाड्यात कोणाला सांगायला हवे?

मुलांना मी तीन रेफरन्स निवडायला सांगितले आहेत: गिटारसाठी एक, ढोबळ चढउतारासाठी एक आणि शब्दांसाठी एखाद्या गोंधळाचे ध्वनिमुद्रण. तिसऱ्याला ती हसली. हसोत. पुढच्या खेपेला मला शब्द ऐकू यायला हवेत.