उपग्रह आपला, किल्ली वॉशिंग्टनची

२ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी श्रीहरिकोटा येथून एलव्हीएम-३ या अग्निबाणाने सीएमएस-०३ हा उपग्रह अवकाशात नेला. सुमारे ४,४०० किलो वजनाचा हा दळणवळण उपग्रह भारतीय नौदलासाठी आहे. युद्धनौका, पाणबुड्या, विमाने आणि किनाऱ्यावरील केंद्रे यांचा परस्परसंपर्क त्याने राखावयाचा आहे. भूस्थिर कक्षेसाठी इतका जड दळणवळण उपग्रह भारतीय भूमीवरून पूर्वी कधी गेला नव्हता. इस्रोच्या शास्त्रज्ञांचे, तंत्रज्ञांचे व कामगारांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच. परंतु सत्ताधारी पिटत असलेला ‘आत्मनिर्भरते’चा डंका तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हे सामर्थ्य आले कोठून? या अग्निबाणाचा वरचा टप्पा अतिशीत द्रव हायड्रोजन व द्रव प्राणवायू यांवर चालतो. हे तंत्र मिळविण्यासाठी इस्रोने १९९१ साली सोव्हिएत संस्था ग्लाव्हकॉसमॉसशी करार केला. १९९२ साली अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले. सबब काय, तर म्हणे यातून क्षेपणास्त्रे बनतील! जे इंधन भरण्यातच तासन् तास जातात, त्यावर कोणते क्षेपणास्त्र ऐनवेळी सुटणार? शिवाय असेच इंजिन भारताला विकण्यास एक अमेरिकन कंपनीही पुढे आली होती. १९९३ साली येल्त्सिन सरकारने गुडघे टेकले. तयार इंजिने मिळाली, तंत्रज्ञान नाकारले गेले. अखेर ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी अतिशीत इंजिन यशस्वी झाले. नौदलाचा पहिला उपग्रह, जीसॅट-७, त्याआधी २०१३ साली फ्रेंच गयानातील कुरूहून युरोपीय अग्निबाणाने सोडावा लागला होता. दोन दशकांची ही झुंज सार्वजनिक क्षेत्राने दिली.

ज्यांनी ही वाट अडविली, त्यांच्याशीच मोदी सरकारने ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘कोमकासा’ हा लष्करी दळणवळण करार केला. २०१६ चा रसद-करार आधीच झाला होता; २०२० साली भू-अवकाशीय माहितीचा ‘बेका’ करार आला. कोमकासान्वये अमेरिकन विमाने व शस्त्रास्त्रे यांवर अमेरिकेची गुप्तसंदेश यंत्रे बसविण्याची वाट मोकळी झाली. कराराचा पूर्ण मसुदा जनतेसमोर ठेवलेला नाही.

सरकारचे समर्थक म्हणतात, या यंत्रांवाचून पी-८आय सारख्या विमानांचा पुरा उपयोग होत नाही. आणि आपली माहिती आपल्या संमतीवाचून कोणाला दिली जाणार नाही. सीएमएस-०३ या करारात येतो, असे आमचेही म्हणणे नाही. प्रश्न निराळा आहे. कुलूप ज्याने घडविले, किल्ली ज्याने दिली, तो संमतीची वाट पाहील, याची हमी कोण देणार? आणि जी विमाने परक्या किल्लीवाचून अपुरी ठरतात, ती खरेदी करण्याचे धोरण कोणाचे?

इतिहास फार जुना नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी अमेरिकेने भारताला धमकावण्यासाठी सातव्या आरमाराची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात धाडली. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हिंदी महासागर शांतिक्षेत्र म्हणून घोषित केला. तरीही दिएगो गार्सियाचा अमेरिकी तळ फोफावतच गेला. ज्या समुद्रावर आपला उपग्रह पहारा देणार, त्याच समुद्रात साम्राज्यवादी आरमाराचे भागीदार होणे याला संरक्षण म्हणत नाहीत. ही ताबेदारी आहे.

एकीकडे नौदलाचा स्वदेशी उपग्रह, दुसरीकडे नौदलाच्याच विमानांत परकी गुप्तयंत्रे! दरम्यान २०२४ साली उपग्रहनिर्मिती व संचालनात ७४ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला स्वयंचलित मार्गाने दार उघडले गेले. शास्त्रज्ञांनी कमावले ते सत्ताधारी वर्ग गहाण टाकीत आहे.

कोमकासाची मुदत दहा वर्षांची, म्हणजे २०२८ पर्यंतची आहे. तिचे नूतनीकरण होता कामा नये. मसुदा संसदेपुढे आलाच पाहिजे. इस्रो सार्वजनिक क्षेत्रातच राहिली पाहिजे. या मागण्या घेऊन पक्षसभासदांनी कारखान्यांत, बंदरांत, विद्यापीठांत गेले पाहिजे. उपग्रह जनतेच्या श्रमाने वर गेला आहे. त्याची किल्लीही जनतेच्याच हाती राहिली पाहिजे!