मापात पाप नको

रिकामा तराजूच एका बाजूला झुकत असेल, तर त्यावर तोललेल्या मालाचा भरवसा कोणी धरत नाही. अशा तराजूत पासंग आहे, असे म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलीचा वेग मोजतानाही असाच पासंग असतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक घातक ठरतो.

आज्ञावलीतील एखादे ठरावीक काम करणाऱ्या भागास 'फंक्शन' म्हणतात. एकाच कामासाठी दोन फंक्शने लिहिली, तर त्यांतील वेगवान कोणते हे मोजूनच ठरवावे लागते. सी, गो, रस्ट यांसारख्या भाषांत हा वेळ पुष्कळदा नॅनोसेकंदांत मोजतात. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील जेमतेम ३० सेंटीमीटर अंतर कापतो. इतका सूक्ष्म काळ एका फेरीत नेमका पकडता येत नाही. म्हणून फंक्शन लक्षावधी वेळा चालवतात आणि एकूण वेळेला फेऱ्यांच्या संख्येने भागतात.

खरी मेख येथेच आहे. लिहिलेली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर चतुर असतो. ज्या गणिताचे उत्तर पुढे कोठेच वापरलेले नाही, ते गणित तो गाळून टाकू शकतो. मग न केलेल्या कामाचा वेळ मोजला जातो आणि आकडा मात्र डोळे दिपवणारा येतो! हे टाळण्यासाठी रस्ट भाषेत २०२२ मध्ये 'ब्लॅक बॉक्स' हे फंक्शन सर्वांना खुले झाले. उत्तर वापरले जात आहे, असे ते कंपायलरला भासवते. गो भाषेतही २०२५ मध्ये अशीच तजवीज झाली.

तरीही पासंग उरतोच. आज्ञावलीचे भाग कोणत्या क्रमाने जोडले, एवढ्या क्षुल्लक कारणानेही निष्कर्ष फिरू शकतो, हे टॉड मिटकोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले.

'आकडा कधी खोटे बोलत नाही,' असे काहींचे म्हणणे असते. परंतु आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तो स्वतः सांगत नाही. कोणता संगणक, कंपायलरची कोणती आवृत्ती, किती माहितीवर आणि किती वेळा मोजणी केली, आकड्यांत किती चढउतार आढळला, हे न सांगता मिरवलेला वेग ग्राह्य धरू नये. कारण अशा फसव्या वेगापायी सरळ, सुबोध आज्ञावली मोडून क्लिष्ट आज्ञावली लिहिली जाते. वेग वाढतच नाही. पुढे ती वाचणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या माथी मात्र कायमचे ओझे येते. मोजणाऱ्याने मापात पाप केले नाही, तरच त्या मापाला किंमत येते.