गिटारवरचं दुःख आपलं नाही काय?

रॉक म्हणजे पोटभरल्या घरच्या पोरांचं संगीत, चळवळीला त्याचा काय उपयोग, असं आपलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात. आम्हा गोरेगावच्या तरुणांना हे मान्य नाही.

2018 साली चेन्नईच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडचा पहिला अल्बम आला, ‘मगिळ्ची’, म्हणजे आनंद. दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी गाना गायक, रॅपर, रॉक वाजवणारे असे 19 जण एकत्र आणले. गाना हे उत्तर चेन्नईच्या कष्टकरी वस्त्यांचं गाणं. मयताच्या घरी गायचा त्याचा एक प्रकारच आहे, मरण गाना. म्हणजे ज्या वस्तीने मेलेल्यासाठी गाणं जपलं, तिनेच गिटार हातात घेऊन आरक्षणावर आणि गोमांसावर थेट प्रश्न विचारले. शोक आणि संघर्ष एकाच मंचावर उभे राहिले.

याआधी 1985 साली अमेरिकेत ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’चा पहिला अल्बम निघाला. एमो या प्रवाहाची सुरुवात तिथून मानतात. व्यवस्थेवर ओरडणाऱ्या पंकच्या वेगातच या पोरांनी स्वतःचं तुटलेपण गायलं. अल्बम काढला तो वादकांनीच चालवलेल्या ‘डिस्कॉर्ड’ने. त्यांना जात ठाऊक नव्हती, हे खरं. पण आपलं दुःख आपल्याच आवाजात, आपल्याच साधनांनी मांडायचं, हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडे वामनदादा कर्डक, नागोराव पाटणकर यांची मोठी परंपरा आहे. तिच्यात विद्रोह आहे, कृतज्ञता आहे, रमाईचे हालही आहेत. पण आज गोरेगावहून नागपूर-पुण्याला शिकायला गेलेली पोरगी, जिची स्कॉलरशिप अडकली आहे, आडनाव ऐकून जिच्याशी बोलणं कमी झालं आहे, तिचा ‘मी’ कोणत्या गाण्यात आहे?

17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. 22 मे 2019 ला डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले, काढलेच पाहिजेत. गाण्याने जीव वाचतो असा आमचा दावा नाही. जीव जात घेते. पण जिवंतपणी हे एकटेपण बोलायची जागा आपण ठेवली काय?

रडगाण्याने चळवळ दुबळी होते, असं सांगितलं जातं. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक पाहून डोळे पुसणारी आपली माणसं दुबळी आहेत काय? दुःखाचं अस्तित्व ओळखणं आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं हाच धम्माचा पाया, असं बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मांडलं. जे ओळखलंच नाही, ते दूर कसं करणार? आणि वाद्य परकं म्हणाल, तर बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

म्हणून मित्रांनो, 14 एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च या वर्षी वाचवा. त्यात एक गिटार, एक माईक आणि रेकॉर्डिंगचं साधं सामान घ्या. विहाराची एक खोली संध्याकाळी पोरापोरींना द्या. आठ गाणी होऊ द्या, आपल्या बोलीत, आपल्या नावाने. डीजे रात्री बंद होतो. अल्बम मात्र होस्टेलच्या खोलीत एकटं बसलेल्या पोरापर्यंत पोचतो.

जय भीम!