रूळ आधी, इंजिन नंतर

मा. संपादक,

रेल्वे १८२५ साली स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर जन्मली, हे आपल्या लेखकाचे विधान टिकणारे नाही. नॉटिंगहॅमजवळच्या वोलटनला १६०४ मध्येच घोडे लाकडी रुळांवरून कोळशाच्या वाघिणी ओढत होते. स्वान्सीजवळ १८०७ पासून भाडे भरून प्रवासीही जात. बरे, १८२५ च धरले, तरी त्या मार्गावरचे प्रवासी डबे १८३३ पर्यंत घोडेच ओढत होते!

लेखकाच्या मते त्याआधीचे सारे ‘कच्चे काम’ म्हणे. पण टाइन नदीकाठी उतारावर गाडीवान ब्रेकच्या दांड्यावर बसे आणि घोडा वाघिणीमागून चाले. त्याच भागातल्या कॉझी कमानीचा, म्हणजे वाघिणींसाठीच्या पुलाचा, दगडी गाळा सुमारे ३० मीटरचा. ती १७२६ पासून उभी आहे. लेखकाने निदान तिचे छायाचित्र पाहावे.

— एक वाचक, सातारा