जुना ट्रॅक्टर घेण्याआधी पऱ्हाटीची ओळ मोजा



बैठक संपली की चार जण मागे थांबतात आणि हळूच विचारतात, "भाऊ, पंधरा घोड्यांचा जुना मिनी मिळतोय, घेऊ का?" आम्ही याला हौस म्हणणार नाही. सालदार मिळत नाही, बैलजोडीचा चारा वर्षभर पुरत नाही. पाऊस उघडला की काळ्या वावरात वाफसा दोन-चार दिवस टिकतो आणि त्याच दिवसांत साऱ्या गावाला डवरणी करायची असते. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या धुऱ्यावर येईपर्यंत पुन्हा पाऊस येतो आणि तण कमरेला लागते. गरज खरी आहे. पण ज्या पद्धतीने जुने ट्रॅक्टर पसंत केले जातात, ती पद्धत कोरडवाहू माणसाला बुडवणारी आहे.

आधी आमचीच चूक सांगतो. आम्ही शेतकी कॉलेजची पदवी घेतलेले. एका कार्यकर्त्यासोबत जुना मिनी बघायला गेलो. इंजिन ऐकले, तेल पाहिले, भाव पाडला, घेऊन आलो. जुलैत त्याने पऱ्हाटीची एकेक ओळ पोटाखाली घेऊन झकास डवरणी केली. आम्ही खूश. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी गुडघ्याला लागली आणि ट्रॅक्टर पोटाखालून पात्या-फुले मोडत चालला. दोन ओळींच्या मधून घालावा तर ओळी तीन फुटांच्या आणि मागची चाके बाहेरून ४४ इंच! उरलेला हंगाम बैल भाड्याने आणले. घोडाशक्ती शिकलेल्या माणसाने खिशात टेप नेला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट रुंदी. मागच्या दोन चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर २८ इंच आणि टायर ८ इंच रुंद असेल, तर ट्रॅक्टर बाहेरून ३६ इंच, म्हणजे तीन फूट भरतो. चार फुटांच्या ओळीत तो दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून चालेल, फांद्या एकमेकींना भिडेपर्यंत. तीन फुटांच्या ओळीत चालणार नाही, विकणारा काहीही सांगो. ओळ रुंद केली तर झाडे कमी होतील ही भीती असते. हिशेब करा. तीन बाय दीड फुटावर एकरी ९,६८० झाडे बसतात, चार बाय एक फुटावर १०,८९०. झाडे कमी होत नाहीत, पण हा निर्णय पेरणीच्या आधी व्हायला हवा.

ज्वारीचे गणित वेगळे आहे. ज्वारी दीड फुटावर, म्हणजे १८ इंचांवर. तिथे दोन ओळी पोटाखाली घ्यायच्या तर चाकांच्या मध्यातील अंतर ३६ इंच पाहिजे. २८ इंचांवर लावलेले चाक ज्वारीच्या ओळीवरूनच जाईल. रिम उलटी करून चाके रुंद-अरुंद होतात का, किती होतात आणि पुढची चाके त्यांच्या मापात येतात का, हे जागेवर पान्याने खोलून पाहा. होत नसतील तर ज्वारीला बैलाचे डवरेच बरे. आणि चाके जुळली तरी पोटाखाली फूटभर जागा नसते, ज्वारी त्याच्या वर गेली की काम बंद.

आता मशीन. सकाळी जा, आणि न सांगता जा. हात लावून इंजिन थंड आहे ना ते पाहा. गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच गरम करून ठेवलेले इंजिन कसेही सुरू होते. निळा धूर सुटत राहिला तर ते ऑइल खाते. चालू इंजिनचे ऑइल भरायचे झाकण उघडा. आतून धूर जोराने फेकला जात असेल तर रिंग-लायनरचा खर्च धरूनच भाव करा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, परत या. वखर लावून लिफ्ट वर करा, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत वखर जमिनीला टेकला तर हायड्रोलिकचे काम आहे. तास दाखवणाऱ्या मीटरवर विसंबू नका, त्याची वायर काढणे फार सोपे. त्यापेक्षा ट्रॉली जोडायच्या पट्टीची भोके पाहा. ती अंड्यासारखी लांबट झाली असतील आणि टायरच्या नक्ष्या मधोमध झिजल्या असतील, तर तो वावरात कमी आणि विटा-रेतीच्या ट्रॉलीला जास्त जुंपलेला आहे. भंडारा-गोंदियाकडून आलेला असेल तर धानाच्या चिखलणीत चाकांच्या आसाचे सील गेले आहेत का, तेल झिरपते का, तेही बघा.

घोड्यांचा मोह सोडा. दारात मोठा ट्रॅक्टर दिसला की पोराच्या सोयरिकीला वजन येते हे आम्हालाही माहीत आहे. पण खोल नांगरणी दोन-तीन वर्षांतून एकदा करायची. ती मोठ्या ट्रॅक्टरने भाड्यानेच करावी. पंधरा घोड्यांचे काम पेरणी, वखरणी, डवरणी. त्याला नांगर जोडून क्लच जाळू नका.

आणि पैसा. समजा ट्रॅक्टर दोन लाखांचा, कर्ज बारा टक्क्यांनी. वर्षाचे नुसते व्याज २४,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तोही मिळाला तर. म्हणजे तीन क्विंटल कापूस निव्वळ व्याजात. पाच एकरांत पेरणी, वखरणी आणि चार डवरण्या धरून आमच्या अंदाजाने ट्रॅक्टर वर्षात साठेक तास चालेल. तासाला ४०० रुपये व्याजाचेच झाले. डिझेल, दुरुस्ती, विमा पुढेच. भाड्याचा दर याहून कमी असेल तर घेता कशाला? तोच ट्रॅक्टर तीन-चार धुरेकऱ्यांत मिळून २०० तास चालला तर व्याज तासाला १२० वर येते. पण वाफसा चौघांनाही एकाच दिवशी येतो, हे विसरू नका. पहिला नंबर कोणाचा, पुढच्या डवरणीला कोणाचा, मोडतोड कोणाच्या पाळीत धरायची, हे पेरणीआधी कागदावर लिहा. सख्ख्या भावांनीसुद्धा लिहावे, भावांनी तर आधी.

नव्याचा भावही विचारून जा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला तर जुना त्याच भावात कसा? त्याआधीच्या किमतीचा हिशेब सांगणाऱ्या दलालाला हे ऐकवा.

कागद पुस्तकावरचे नाव आणि चेसिसवरचा नंबर जुळवून पाहा. पुस्तकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर ना-हरकत आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय इसाराच्या पलीकडे रुपया देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या त्याच दिवशी घ्या. नोंदणीला पंधरा वर्षे होत आली असतील तर नूतनीकरणाचा खर्च कोणाचा ते बोला. अनुदानावर मिळालेला ट्रॅक्टर असेल तर विकण्यावर बंधन आहे का, ते ज्या खात्याने अनुदान दिले त्याच्याकडे जाऊन विचारा, विकणाऱ्याला नको.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या पऱ्हाटीच्या ओळीचे माप आणि गावातल्या दोन मिनी ट्रॅक्टरांच्या चाकांचे माप लिहून आणा. कोणता ट्रॅक्टर किती इंचांवर येतो याची यादी आपणच करू.