पुढचे गाणे कोणाचे?

पुण्या-मुंबईच्या काही पबमध्ये आठवड्यातली एखादी संध्याकाळ हौशी गायकांसाठी राखून ठेवतात. तिला ‘ओपन माइक’ म्हणतात. आधी नाव नोंदवायचे, पाळी आली की गिटार घेऊन उभे राहायचे, दोन गाणी म्हणायची आणि खाली उतरायचे. न्यूयॉर्कच्या ‘गर्डीज फोक सिटी’त सोमवारची रात्र अशीच हौशी मंडळींची असे. १९६१ साली त्याच जागी विशीतला बॉब डिलन गायला, आणि २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल मिळाले.

शिरड शहापुरात रविवारचा अंक वाचणारे आजोबा म्हणतील, पबातल्या गाण्याशी आपला काय संबंध? दारूचा पेला बाजूला सारून नुसती रीत पाहिली, तर संबंध चांगलाच जवळचा आहे. अखंड हरिनाम सप्ताहातला हरिजागर आठवून पाहा. रात्रीचे कीर्तन आटोपते, बहुतेक लोक घरी जातात आणि मग पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांची पाळी सुरू होते. एकाची चाल संपली की पेटी दुसऱ्यापुढे सरकते. दिवसभर औत हाकणारा गडी, शिलाईयंत्रावर वाकलेला शिंपी, शाळेतले मास्तर, सगळे एकाच सतरंजीवर बसलेले असतात. इथे गाण्यासाठी कोणी परीक्षा घेत नाही.

एका बाबतीत तर हरिजागर पबापेक्षा सरस आहे. पबात गाणारा एकटा असतो. आवाज चिरकला तर तो उघडा पडतो. हरिजागरात टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. नवशिक्याचा सूर ढळला तरी पखवाज त्याला वाटेवर आणतो. ऐकणारेच गाणारे असल्यामुळे चूक सर्वांच्या आवाजात विरून जाते. गावोगाव कितीतरी गळे असेच तयार झाले.

पण ही सतरंजी सर्वांना खुली आहे, असे छातीठोकपणे म्हणता येईल का? याच तालुक्यातल्या औंढा नागनाथाची कथा घरोघरी ठाऊक आहे. नामदेवांना देवळापुढे कीर्तन करू दिले नाही, मागे जा म्हणून सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. कथा कोणी शब्दशः घ्यावी, कोणी न घ्यावी. पण गाणाऱ्याला जागा नाकारल्याची खूण तिने शतकानुशतके जपली आहे. ज्यांना मागे पाठवले, त्या नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आदराने समाविष्ट झाली आणि पंजाबातल्या घुमानला त्यांचे स्मरण आजही होते.

आज मागे कोण बसले आहे? बहुतेक गावांत बायका. नामदेवांच्या घरी राबलेल्या, गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग पुरुष तल्लीन होऊन गातात; जनाबाईंच्या लेकी मात्र मंडपाच्या कडेला बसून ऐकतात. महिला भजनी मंडळे आता पुष्कळ गावांत आहेत. त्यांना दुपारची वेळ मिळते, रात्रीची पेटी क्वचितच.

दुसरी अडचण पैशाची आणि आवाजाची. सप्ताहाची वर्गणी नामांकित कीर्तनकारांवर, मंडपावर आणि भल्या मोठ्या ध्वनियंत्रणेवर खर्च होते. कर्णे मोठे झाले की कच्च्या गळ्याचा माणूस मागे सरतो. आपला बेसूर साऱ्या शिवाराला ऐकू जाईल, ही भीती. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर कर्णे बंद ठेवावे लागतात. सरकार सवलत देते ती वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती. हरिजागराचे मात्र त्यात काहीच बिघडत नाही. टाळ, पखवाज आणि गळा, एवढ्यावरच तर तो शेकडो वर्षे चालत आला!

म्हणून एक साधी गोष्ट करता येईल. सप्ताहाची वाट न पाहता आठवड्यातली एक रात्र देवळात किंवा पारावर कर्ण्याविना बसावे. ज्याला गायचे त्याने नाव सांगावे. अभंग म्हणावा, गौळण म्हणावी, नाहीतर आजीकडून ऐकलेली ओवी म्हणावी. शहरातून सुटीला आलेल्या नातवाने गिटार आणली तर तीही वाजू द्यावी. आणि पहिली पाळी, आजवर जिला कोणी विचारले नाही, तिला द्यावी. ध्रुपद धरायला आपण आहोतच.